काकांचा झोका

बोटींवरच्या जनरेटरची मागणी इतकी वाढली होती की फोन खाली ठेवायची सोय नव्हती. मासेमारीच्या बोटींना बर्फाची यंत्रं हवीत, फेरीबोटींना एसी हवेत, आणि भर समुद्रात विजेच्या तारा काही कोणी ओढून देत नाही! मी भिंतीवर वर चढत जाणारा आलेख लावला. काकांनी चष्मा कपाळावर नेऊन तो पाहिला आणि म्हणाले, "छान. आता हा जेवायला खाली कधी येणार?"

काका वर्कशॉपचे मालक, मी त्यांची पुतणी, विक्री सांभाळणारी. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, ते म्हणजे झोका. ही काकांनी स्वतः बनवलेली लोखंडी चौकट. तिच्यावर चालू जनरेटर चढवायचा आणि हँडल फिरवून डावीकडे-उजवीकडे कलवत राहायचा, एकेका जनरेटर सेटला दोन-दोन तास. "बोट काय फरशीवर उभी असते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

फेरीबोटींच्या एका कंपनीने बारा सेट मागवले होते. तारीख चुकली तर ऑर्डर जाणार, आणि तिच्याच भरवशावर आम्ही दुसरी शेड घेणार होतो. नेमकी तेव्हाच इंजिनांची टंचाई झाली. पुरवठादार म्हणाला, जमिनीवरच्या सेटची इंजिनं आहेत, सगळं तेच, फक्त खालचं तेलाचं चेंबर जरा उथळ. मी घेऊन टाकली. काका पाय मुरगळून आठवडाभर घरी होते, तेवढ्यात झोक्यालाही सुट्टी दिली. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

तपासणीला कंपनीच्या खरेदी अधिकारी बाई आल्या आणि त्याच सकाळी काकाही लंगडत हजर. बाईंची नजर थेट चौकटीवर गेली. "हे काय?"

काकांची कळी खुलली. "आमचा झोका!" म्हणत त्यांनी पहिलाच सेट चढवायला लावला, सुरू केला, हँडल फिरवलं. उथळ चेंबरमधलं तेल एका कडेला गेलं, पंपाने तेलाऐवजी हवा ओढली आणि धोक्याची घंटा वाजून इंजिन बंद!

"बाकीचे अकरा?" बाईंनी विचारलं.

थाप अगदी ओठांवर आली होती. पण काका माझ्याकडे बघत होते.

"सगळे असेच आहेत," मी म्हणाले. "घाईत मीच केलं, काकांना ठाऊक नाही. चेंबर बदलून तारखेला चारच देता येतील."

बाईंनी कागदावरचे बारा खोडून चार लिहिले. गेली शेड! मला रडूच फुटलं.

"उरलेले आठ दुसरीकडून घेते," बाई म्हणाल्या, "पण ते आधी इथे, या झोक्यावर चढवायचे. बोटीत माणसं असतात हो. द्याल ना तपासून?"

काका हँडल सोडून बाजूला झाले.

"ही देईल," ते म्हणाले. "आता हिच्याइतकं जपून दुसरं कोणी करणार नाही."