मागे राहिलेली खिडकी

यंत्रात चारशे अंडी. स्टुलावर अर्धा फणस. टेबलाखाली बदलून टाकलेल्या तीन केबल.

मसाका शहरात नाकिबुलेबाईचं अंडी उबवण्याचं यंत्र आहे. त्यातला छोटा बोर्ड केबलमधून लॅपटॉपला तापमान कळवतो आणि तिच्या यंत्राची देखभाल करणाऱ्या काकेम्बोने लिहिलेला प्रोग्राम ते वाचून उबेचे दिवे लावतो. आज सकाळपासून प्रोग्राम एकच सांगत होता: बोर्डाशी जोडणारा पोर्ट उघडत नाही. दिवे बंद होते.

"पस्तीसवर आलंय, साडेसदतीस हवं," नाकिबुले म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं, न्याबो?" काकेम्बोने बाईला आदराने विचारलं.

तिने प्रोग्रामच्या मागे दडलेली एक खिडकी पुढे आणली. तीत थेट बोर्डाकडून येणारे तापमानाचे आकडे सरकत होते. "सकाळीच उघडून ठेवलीय. तुझ्या प्रोग्रामवर कोण विसंबणार?"

काकेम्बोने हातातली चौथी केबल खाली ठेवली. "हा बोर्ड एका वेळी एकाशीच बोलतो. तुम्ही ऐकत बसलात, मग प्रोग्रामला कुठून ऐकू येणार? बंद करा ती."

"मग मला आकडे दिसणार नाहीत."

"नाही दिसणार."

तिने यंत्राच्या काचेवर हात ठेवला. मग तिने खिडकी बंद केली. दिवे लागले.

मागच्या खेपेला ती यंत्र प्रोग्रामच्या भरवशावर सोडून भाचीच्या लग्नाला गेली होती, तेव्हा सगळी अंडी गार पडली होती.