लिलावाचा हातोडा दमला आहे

मित्रांनो, शिसवी लाकूड दमत नाही, असे सुतार लोक म्हणतात. मला त्यांनी कधी विचारले नाही. मी गिरगावातल्या एका लिलावघराचा म्हातारा हातोडा आहे. हातोडा म्हणवतो खरा, पण जन्मात एक खिळा ठोकलेला नाही. टेबलावरच्या ठोकळ्यावर मी आपटलो की वस्तूचा मालक बदलतो, एवढेच माझे काम.

फणसवाडीतल्या एका सुताराने पलंगाच्या मोडक्या पायातून मला घडवले. आधी मी इथले मालक श्यामकांतराव यांच्या वडिलांच्या हातात होतो, आता त्यांच्या हातात आहे. तरुणपणी माझे कौतुक फार झाले. "काय खणखणीत आवाज आहे!" म्हणत लोक मला उचलून पाहायचे. माझ्यासमोरून झुंबरे गेली, पियानो गेले, आणि गिरण्या बंद पडल्यावर कापड विणायचे साचेसुद्धा भंगाराच्या भावात गेले. साच्यांच्या लिलावाच्या दिवशी मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आपटत होतो. तेव्हापासून माझ्या डोक्याला एक चीर पडली आहे. दर गणपतीत इथल्या खुर्च्यांना पॉलिश होते, पण माझी चीर कोणाला दिसत नाही. असो, रडगाणे पुरे.

सांगायचे आहे ते गेल्या शनिवारचे. लालबागची अपेक्षा आपल्या वडिलांना घेऊन आली होती. दोघांनीही लिलावघर पहिल्यांदाच पाहिले असावे. दाराशी मिळालेली नंबराची पाटी तिने उलटी धरली होती. तिचे वडील जयवंतकाका गिरणीतले जुने कामगार. गर्दी पाहून ते मागच्या रांगेत अंग चोरून बसले.

सतरावा लॉट पुकारला गेला. एक जुना पखवाज होता, बोली दोन हजारांपासून. अपेक्षाने पाटी वर करायची सोडून उभे राहून हात जोडले.

"सगळ्यांना एक विनंती आहे," ती म्हणाली. "हा आमच्या बाबांचा पखवाज. चाळीच्या भजनात चाळीस वर्षं वाजवला त्यांनी. चाळ पाडायला घेतली, भाड्याच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून मी जुनं सामान घेणाऱ्याला देऊन टाकला, आणि त्याने तो इथे विकायला ठेवला. बाबांना विचारलंसुद्धा नाही. ते काही बोलले नाहीत, पण आता जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर वाजत असतात. प्लीज, कोणी बोली लावू नका."

"लोक समजान घेतत, बाय. बस आता," काका हळूच म्हणाले.

त्यांचेही चुकले नव्हते. कोकणातल्या त्यांच्या गावी जत्रेला देवळात नारळांचा आणि केळीच्या घडांचा लिलाव होतो. कोणी उठून "हा माझ्या नवसाचा" म्हटले, की बाकीचे आपणहून गप्प बसतात. बिचाऱ्यांना वाटले, लिलाव म्हणजे सगळीकडे तोच रिवाज. पण इथे झाकली मूठ सव्वा लाखाची. आपली गरज इथे ओठावर आणायची नसते, आणि गरजवंताला अक्कल नसते.

पुढच्या रांगेत हॉटेले सजवणारा अभिषेक बसला होता. तोवर तो मोबाइलमध्ये डोके घालून होता. आता त्याने मान वर केली.

"जुई, पीसला स्टोरी पण आहे," तो शेजारच्या मुलीला म्हणाला. "लोअर परळच्या हॉटेलला परफेक्ट!" आणि त्याने पाटी वर केली.

तीन हजार, चार हजार, सात हजार. अपेक्षालाही आता पाटी उचलावी लागली. तिने नऊ म्हटले, त्याने दहा म्हटले. तिने अकरा म्हटले, तो थंडपणे बारा म्हणाला. तिने पुन्हा पाटी उचलली, तेव्हा काकांनी तिचे मनगट धरले.

"पुरे गो बाय. हात खाली कर."

"बारा हजार, एक वार," श्यामकांतराव म्हणाले. "दोन वार..." आणि ते थांबले. इतके ते कधी थांबत नाहीत. त्यांच्या तळव्याला घाम सुटला होता. मला वाटले, आत्ता ही चीर फाटून माझी दोन शकले व्हावीत. पण मी शिसवाचा. अख्खाच्या अख्खा खाली आलो.

अपेक्षा तोंडाला ओढणी लावून रडत होती. जयवंतकाका मात्र उठून अभिषेकजवळ गेले.

"टांगणार काय?" त्यांनी विचारले.

"हो काका, भिंतीवर."

"मग हे लाकडी गठ्ठे सैल करून ठेवा. ताण कायम रवलो तर चामड्याची पुडी फाटता. नि एसीच्या तोंडासमोर नको." मग त्यांनी पिशवीतून लाल कापडी गवसणी काढली. पखवाज घरी न्यायला आणली होती ती. "आमच्या मंडळींनी शिवलेली. हॉटेल बंद झालं की घालत जा."

अभिषेकने ती घेतली. त्याला काकांकडे बघवले नाही.

"बाबा, निदान ही तरी ठेवा," अपेक्षा म्हणाली. "आईची आहे ना."

"रिकामी घेवन काय करू?"

मित्रांनो, घर आवरताना एखादी वस्तू दाराबाहेर ठेवाल, तेव्हा आधी घरातल्या गप्प माणसाला विचारा. ते माणूस आपणहून बोलणार नाही, तुम्हीच त्याच्याशेजारी बसून विचारा. माझ्यापर्यंत आलेल्या वस्तूचा फक्त भाव होतो, आणि माझा घाव मागे घेता येत नाही. येत असता, तर त्या शनिवारी मी घेतला असता.