विमानाची पाटली

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात इंझोरीच्या देवमनचं लग्न झालं आणि हळद उतरायच्या आतच नव्या नवरीची मनगटं सुजली. लिलाबाईला कुठलाच धातू सोसत नव्हता. गिलीट, पितळ, अगदी चांदीसुद्धा. घातली की खाज, मग पुरळ. तिनं सगळं उतरवून ठेवलं. काचेच्या बांगड्या होत्या, पण सासूच्या लेखी तो दागिना नव्हता.

"लोक म्हणतीन, दुर्गाबाईनं सुनेच्या अंगावरचं वरबाडून घेतलं!" असं म्हणत ती घरभर फिरायची.

देवमन नाशिककडे विमानाच्या कारखान्यात फिटर होता. दसऱ्याला आला तेव्हा त्यानं खिशातून एक पाटली काढली. नळीचा उरलेला तुकडा साहेबांना विचारून घेतलेला, त्यानंच घासूनपुसून गोल केलेला.

"टायटॅनियम हाय, माय. गंजत नाही, अंगाले लागत नाही. विमानाले लावतात."

दुर्गाबाईनं ती तळहातावर तोलली. "हे तं कायीच वजनाचं नाही! डब्याचं झाकण कापून आणलं का रे?"

लिलाबाईनं मात्र ती घातली आणि दुसऱ्या दिवशी मनगट सगळ्यांना दाखवलं. पुरळाचा ठिपकाही नव्हता. अडचण एकच, रंग राखेसारखा. देवमन कामावर परतल्यावर सासूनं सुनेला सोबत घेतलं आणि पाटलीला नुसतं बाहेरून सोन्याचं पिवळं पाणी चढवायला मंगरूळपीरच्या गोविंदा सोनाराकडे गेली.

गोविंदानं पाटली कसोटीवर घासली, दातानं चावली, शेवटी फुंकणीनं ज्योत सोडली. पाटली आधी पिवळसर झाली, मग जांभळी, मग मोराच्या मानेसारखी निळी. गोविंदाच्या हातून चिमटाच सुटला.

"मावशी, म्या कायी केलं नाही!"

दुर्गाबाई कितीतरी वेळ डोळे फाडून बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बाजूनं बी कर."

गावात बायांची रीघ लागली. दुर्गाबाई प्रत्येकीला समजावून सांगायची, "विमानाचं हाय न वं. आभाळात राह्यते, म्हणून निळं."

पुढे शिरपूरला भाच्याचं लग्न निघालं. "लिले, एक दिवस दे मले," म्हणत दुर्गाबाईनं साबण लावून पाटली हातात कोंबली. लग्नात नवरीपेक्षा तिच्याच हाताकडे जास्त बाया बघत होत्या. घरी आल्यावर मात्र पाटली निघेना. तेल झालं, पुन्हा साबण झाला. नवरा पुंजाजी तिचा हात धरून ओढायला लागला, तर पाटली जागेवरच आणि दुर्गाबाई अंगणात. गोविंदानं करवत चालवून पाहिली. पाती एकामागून एक तुटली.

"मावशी, हे कटत नाही. आता हातच कापा लागते."

दुर्गाबाईनं हात पदराखाली घेतला आणि जी उठली ती थेट मोटार स्टँडवर.

शेवटी देवमनला बोलावणं धाडलं. तो कारखान्यातली पाती घेऊन आला आणि आईसमोर मांडी घालून बसला.

"कायले कापतं?" दुर्गाबाई म्हणाली. "मले कायी त्रास नाही. तुह्या बायकोले दुसरी कर."

देवमननं लिलाबाईकडे पाहिलं. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता.

"करजा," ती सासूकडे बघत म्हणाली. "पण या टायमाले लहान करजा. मामीच्या हातात जाऊ नये अशी."