अळणी आठवडा

मनमाडच्या लोको कॉलनीत एखाद्या घरी ओळीने तीन-चार दिवस बिनमिठाची भाजी शिजली, की शेजारणी म्हणायच्या, "मेडिकल आलं वाटतं." रेल्वेचे डॉक्टर ड्रायव्हरांचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजत. तो जास्त निघाला की माणूस इंजिनवरून खाली उतरे आणि उरलेली नोकरी गोदामात बसून काढी. म्हणून त्या आठवड्यात मीठ बंद, तंबाखू बंद आणि प्रेशरची गोळी सुरू. मेडिकल पार पडलं की गोळी बंद. उरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून दुसऱ्या घरी जात, जसं विरजण जातं.

सावळीराम पगारे इंजिनं पुसायच्या कामावर लागला होता. मग कोळसा टाकणारा फायरमन झाला आणि चाळिशी उलटल्यावर ड्रायव्हर. विंचूरजवळच्या त्यांच्या वस्तीतून इंजिनवर चढलेला तो पहिलाच. गावातल्या एका खाजगी डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, ही गोळी आता कायमची. ते त्याने ऐकलं आणि बाजूला ठेवलं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. रोज गोळी घ्यायची म्हणजे आपण आजारी आहोत असं कबूल करायचं.

एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्याचं मेडिकल सोमवारी होतं. आदल्या गुरुवारी तो दारात उभा राहून यार्डातल्या मालगाडीच्या वाघिणींवरचे आकडे वाचायला लागला. डोळ्यांच्या तपासणीची ही त्याची घरची तयारी. दोन वाघिणी झाल्या आणि तो थांबला.

"काय झालं?" चांगुणाने विचारलं.

"धुरकट दिसतंय. आकडे दुमडल्यासारखे वाटताहेत."

"वाफ आली असेल इंजिनाची."

"वाफ तिकडे आहे, चांगुणा. हे माझ्या डोळ्यात आहे."

चांगुणा सातवीपर्यंत शिकलेली होती आणि विचार करून वागणारी होती. तिने हिशेब मांडला तो असा: प्रेशरने डोळे धुरकटले, तर प्रेशर उतरलं की ते निवळतील. हाताशी चारच दिवस होते. एका गोळीने उतरायला आठवडा लागतो, मग तीन दिल्या तर लवकर उतरेल. कमी पडल्या त्या तिने शेजारच्या नवसाबाईकडून आणल्या. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. सावळीराम हसून म्हणाला, "मेडिकल माझं आणि घाई तुला."

रविवारी सकाळी तो मोरीत अंघोळीला बसला आणि भिंतीला टेकून घसरला. तिने तोंडावर पाणी मारलं, धरून खाटेवर आणलं. नाडी बारीक लागत होती. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. डाव्या डोळ्यापुढे काळं होतं. उजव्याने त्याला तिचं कपाळ आणि केस दिसत होते. त्याखाली, जिथे नाक, तोंड, खांदे असायला हवे होते, तिथे काहीच नव्हतं.

"तू आहेस ना पूर्ण?" त्याने विचारलं.

दुपारच्या गाडीने तिने त्याला नाशिकला आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकले, खोलीत अंधार केला आणि छोट्या दिव्याने कितीतरी वेळ आत पाहिलं. मग खिडकी उघडून ते दोघांसमोर बसले.

"अंगातल्या रक्तवाहिन्या न कापता दिसतात अशी जागा एकच, डोळ्याच्या मागचा पडदा," ते म्हणाले. "यांच्या शिरा तारेसारख्या बारीक झाल्यात. जागोजाग रक्त उतरलंय, कापसाच्या बोंडासारखे पांढरे डाग आहेत. हे आठवड्याचं दुखणं नाही, कित्येक वर्षांचं आहे. मेडिकलमध्ये कुणाला कळलं नाही?"

"मेडिकल तर दरवर्षी पास, साहेब."

"गोळ्या घेता?"

चांगुणाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टर सावळीरामला म्हणाले, "तुम्ही इंजिनवाले. भरलेली गाडी चढावर आहे. एकदम सगळी वाफ सोडून दिली तर?"

"मागे घसरेल," सावळीराम म्हणाला.

"त्या बारीक झालेल्या शिरांना जास्त दाबाचीच सवय झाली होती. तो उतरवायलाच हवा होता, पण हळूहळू, आमच्या देखरेखीखाली. एकदम उतरला आणि डोळ्याच्या नसेला रक्तच पोचलं नाही."

"मग आता रक्त पोचेल ना?" चांगुणाने विचारलं.

"पोचतंय. पण उपाशी राहिलेला भाग मेला, बाई. डाव्यात उजेडही कळत नाही. उजव्यात वरचा तुकडा आहे. तो राहील असं मी म्हणणार नाही."

सावळीरामने तिचा हात शोधला आणि धरला.

दोन आठवडे ते नाशिकच्या दवाखान्यात राहिले. रक्तदाब सावकाश ताब्यात आला. उजव्या डोळ्यातला तुकडा मात्र रोज थोडा आत सरकत गेला, आणि घरी परतायच्या दिवशी खिडकी कुठे आहे एवढंच त्याला कळत होतं.

मनमाडला आल्यावर दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या खोलीतली भागुबाई आली. तिचा नवरा धोंडीराम सावळीरामच्याच बरोबरीचा ड्रायव्हर. तिने आधी डोळे पुसले, हातातली केळी ठेवली, मग हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्या त्या जुन्या गोळ्या उरल्या असतील ना? आमच्याचं मेडिकल आलंय."

"भागुबाई, त्या गोळ्यांनीच हे झालं." चांगुणाने तिला बसवून डॉक्टरांचं बोलणं पहिल्यापासून सांगितलं. "दादांना डॉक्टरकडे न्या. डोळ्याच्या आत बघून घ्या. मी येते तुमच्याबरोबर नाशिकला."

"आणि तिथे काही निघालं तर? इंजिनवरून उतरवतील त्यांना." भागुबाई उठली. "तुमचं गेलं म्हणून आमचंपण जावं का, वहिनी?"

खाटेवरून सावळीराम म्हणाला, "चांगुणा, दे त्यांना. आणि धोंडीरामला सांगा वहिनी, एकेकच घे. आम्ही तीन घेतल्या, तिथे चुकलं."

"मी देणार नाही," चांगुणा म्हणाली.

"राहू द्या, भाऊजी. नवसाबाईकडे असतील." भागुबाई गेली. थोड्या वेळात नवसाबाईच्या दाराची कडी वाजली, बायकांचं कुजबुजणं ऐकू आलं. मग कुणीतरी "बरं झालं बाई" म्हणालं.

चांगुणा दारापासून हलून चुलीकडे आली होती. सावळीराम अजून दाराकडे तोंड करून बोलत होता. "असं तोडून बोलू नये, चांगुणा. अडीनडीला हीच माणसं आहेत आपल्याला. आता तर जास्तच लागणार."

रिकाम्या दाराकडे तोंड करून तो उत्तराची वाट पाहत राहिला. चांगुणा पावलांचा आवाज न करता परत गेली आणि तो जिकडे बोलत होता तिथे, दारात, जाऊन उभी राहिली.