मामाचा मान

आमच्या शेखरभाऊंना कोणी ओटीपी मागितला तर ते काय करतात, हे मखमलाबादच्या आमच्या सगळ्या भावकीला ठाऊक आहे. फोन कट करतात आणि "फ्रॉड! फ्रॉड!" म्हणून घरभर ओरडत सुटतात. माझे धाकटे दीर. वयाची तिशी आली, ऑटिझम आहे, वाचायला वेळ लागतो, हिशेब जमत नाही. पण विशेष कार्यशाळेतल्या रूपाली मॅडमच्या वर्गात मोबाईलचे नियम शिकले ते असे पक्के, की झोपेतून उठवून विचारा. अनोळखी माणसाला फोटो पाठवायचा नाही. वाईट वाटलं तर विश्वासाच्या माणसाला सांगायचं. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. सासूबाई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने ऐकवायच्या. परक्यांपासून कसं जपायचं ते मॅडमनी शिकवलं. घरच्यांपासून जपायला कोण शिकवणार होतं?

साई हा सासूबाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा. कामधंदा विचाराल तर रील बनवतो. आमच्याकडे झेंडूची शेती. शेखरभाऊ फुलं निवडतात. पिवळा वेगळा, केशरी वेगळा, त्यातही मोठा-बारीक वेगळा. मग माझ्या नवऱ्याबरोबर, सुनीलबरोबर, टेम्पोत बसून फुलबाजारात जायचं, हा त्यांचा रोजचा आनंद. साईने एक दिवस निवडलेले सगळे क्रेट एका ढिगात पालथे केले आणि मोबाईल धरून उभा राहिला. शेखरभाऊ किंचाळायला लागले, भिंतीवर कपाळ आपटायला लागले. त्यावर साईने गाणं लावलं आणि नाव दिलं, 'झेंडू पागल'.

रील गावभर झालं. बाजारातली पोरं मुद्दाम शेखरभाऊंची फुलं कालवायची आणि मोबाईल धरायची. शेखरभाऊंनी जाणं सोडलं. टेम्पोचा आवाज आला की कान दाबून गोठ्यामागे बसायचे. मला म्हणाले, "वहिनी, व्हिडिओ काढून टाका. मग मी बाजारात जाईन."

मी रीलची तक्रार केली. यात काही गैर आढळलं नाही, असं ॲपचं उत्तर आलं. साईकडे गेले, तर तो दात काढत म्हणाला, "वहिनी, व्ह्यूज बघा की! दादाला फेमस केलाय." बापाशिवाय तो कोणाचं ऐकणारा नव्हता. आणि नेमकं त्याच्या बापालाच कोणी बोलायचं नव्हतं, कारण माझ्या नणंदेचं, हर्षालीचं, लग्न तोंडावर आलं होतं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. मामा रुसला तर लग्नात शोभा होणार.

शेखरभाऊंनी नियम पाळला. आधी आईला सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा एकुलता एक भाऊ हाय तो. पोरीमागं कोण उभं राहील मग?" वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "हसतील त्याचे दात दिसतील. लय मनावर घ्यायचं नाय." सुनील म्हणाला, "लग्न होऊ दे, मग बघू." भाऊ प्रत्येकासमोर उभे राहून तेच शब्द म्हणायचे आणि पुढच्याकडे जायचे. माझा संताप संताप झाला. मीच मामांना फोन लावला. ते म्हणाले, "सून आहेस, सुनेसारखी राहा." संध्याकाळी सासूबाईंनी बजावलं, आणखी एक शब्द काढलास तर माहेरी जायचं. कुंपणच शेत खात होतं, आणि मी तेवढी भांडखोर ठरले.

लग्नाच्या दिवशी मामा फेटा बांधून, हर्षालीचा हात धरून मांडवात आले. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला, तेवढ्यात शेखरभाऊ पुढे गेले. नात्यातल्या एवढ्या एकाच माणसाला त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

"मामा, साईने माझा व्हिडिओ टाकला. मला वाईट वाटतं. तो काढायला सांगा."

भटजींचा माईक चालू होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. मला वाटलं, आता तरी. मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हसून म्हणाले, "अरे येड्या, घरचाच हाय ना तो? घरच्यांचा राग धरत्यात का?"

मांडव हसला. वऱ्हाडी हसले, आमचेही हसले. साईचा मोबाईल वर होताच. जेवणाच्या पंगती उठायच्या आत दुसरं रील सगळीकडे फिरत होतं.

पाठवणी झाल्यावर घरात बैठक बसली. लग्नात विघ्न आणलं म्हणून. साईने नव्हे, शेखरभाऊंनी. "त्या मोबाईलनंच डोकं फिरलंय त्याचं," सासूबाई म्हणाल्या. सुनीलने भावाचा मोबाईल काढून घेतला. शेखरभाऊंनी निमूट देऊन टाकला आणि विचारलं, "आता व्हिडिओ गेला?"

सुनीलने मोबाईल स्वतःच्या खिशात टाकला.

"हो, गेला," सुनील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं, तर शेखरभाऊ आंघोळ करून, लग्नातला नवा शर्ट घालून टेम्पोत जाऊन बसले होते. किती दिवसांनी चेहरा खुलला होता. मला हात करून म्हणाले, "वहिनी, आता कोणी हसणार नाही."