फुलांखालची कडी

मला खुंटीवर लटकलेली पाहून तुम्हाला वाटेल, ही कुठल्या तरी जुन्या बादलीची कडी असावी. तसं नाही, मित्रांनो. मी तारेची आहे, गंजलेली आहे, वयानं तुमच्या आजीएवढी आहे. पण माझी जागा बादलीवर कधीच नव्हती. मी मुलांच्या डोक्यावर बसत आले आहे.

आमच्या रोमानियातल्या गावांत जूनमध्ये शाळेचं वर्ष संपतं. त्या दिवशी वर्गात पहिल्या आलेल्या मुलाच्या डोक्यावर सगळ्या गावासमोर फुलांचा मुकुट चढवतात. मुकुट मात्र शाळा देत नाही, तो घरून न्यायचा असतो. म्हणून तीन दिवस आधी शाळेतून निरोप येतो, "फुलं तयार ठेवा." एवढंच. ज्या घरी हा निरोप येतो, त्या घरची आजी त्या दिवशी उगाचच तीनदा विहिरीवर जाते, कोणीतरी विचारावं म्हणून.

तोआदेर आजोबांनी मला बनवलं ते अशाच एका निरोपानंतर. द्राक्षाच्या वेलींना आधार द्यायला मळ्यात तार ताणतात. त्या तारेचा उरलेला तुकडा त्यांनी पकडीनं वाकवला आणि दोन्ही टोकांना आकडे करून ते एकमेकांत अडकवले. "डोकं वाढेल तशी ही सैल करता येईल," ते म्हणाले. सफ्ता आजीनं फुलं बांधायला घेतली, तर ती घसरून एका बाजूला गोळा होऊ लागली. उघड्या तारेवर फुलं धरत नाहीत, हे मला माझ्या जन्माच्या पहिल्याच दिवशी कळलं. मग आजीनं आत गुंडाळायला काहीतरी आणलं, त्यावर जुन्या परकराची चिंधी घट्ट बांधली, आणि मी चुंबळीसारखी जाडजूड झाले. आत काय गुंडाळलं होतं, ते पुढे सांगते. कितीतरी वर्षं ते फक्त आजीला आणि मलाच ठाऊक होतं.

दोम्निका या दोघांची नात. आईवडील शहरातल्या कापडगिरणीत कामाला, रविवारी तेवढे घरी यायचे. पोर आजीआजोबांजवळच वाढली. आणि काय हुशार होती म्हणून सांगू! बाईंनी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत हिचं उत्तर तयार. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, दर जूनला निरोप यायचा. दरवर्षी आजोबा माझे आकडे थोडे सैल करायचे, आजी जुन्या चिंधीवर गुलाब, रानातली निळी फुलं आणि द्राक्षाची कोवळी पानं बांधायची, आणि मी त्या ऊबदार कपाळावर टेकायची. टाळ्या वाजायच्या. मला वाटायचं, त्या माझ्यासाठीच आहेत. वय लहान होतं माझं.

आमच्याकडे परीक्षेत प्रत्येक मुलाला दोन कागद मिळतात. एक कच्चा, खाडाखोड करायला. दुसरा पक्का, बाईंना द्यायला. दोम्निका कच्च्या कागदाला हातच लावायची नाही. सरळ पक्क्यावर लिहायची आणि कच्चा कोरा कागद मिरवत घरी आणायची.

"बघा, बघा," आजोबा कुंपणावरून शेजाऱ्यांना दाखवायचे. "आमच्या पोरीला खोडरबर कशाशी खातात ते ठाऊक नाही!"

शेजारी माना डोलवायचे. "देवाची देणगी, तोआदेर. अंगातच असावं लागतं."

आजोबांचं प्रेम होतं ते. पण पोरीच्या मनात त्यातून एक गोष्ट पक्की बसली. खाडाखोड करतात ती मठ्ठ मुलं.

पाचवीपासून मुलं खालच्या दरीतल्या मोठ्या शाळेत जात. तिथे सहावीत चिवा नावाची मुलगी आली. द्राक्षरसाची पिंपं बनवणाऱ्याची लेक, आई लहानपणीच वारलेली. डोकं मोठं, केस कसेही कापलेले. ती बोटांवर मोजायची, पुटपुटायची, आणि इतकं खोडायची की कागद फाटायचा.

"वही आहे की चाळण गं?" दोम्निकानं तिला विचारलं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"चाळणच आहे," चिवा म्हणाली. "चुका गाळते मी."

वर्ग हसला, पण दोम्निकाला नाही हसू आलं. कारण त्याच आठवड्यात ग्रिगोराश सरांनी परीक्षेत एक गणित घातलं होतं आणि ते तिला पाहताक्षणी सुटलं नव्हतं. तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. कच्चा कागद समोर पडला होता. आता त्यावर काही लिहायचं म्हणजे आपणही त्यांच्यातलेच झालो, असं तिला वाटलं. तिनं दोन्ही कागद कोरे दिले.

त्या जूनला निरोप आला नाही.

आजी वाट बघत तीनदा विहिरीवर गेली, पण निरोप आला नाही. मला माळ्यावर नेऊन मक्याच्या कणसांशेजारी टांगलं, आणि मित्रांनो, तिथे मी दोन वर्षं होते. उंदीर माझ्यावरून ये-जा करायचे. चिंधी कुजली, आकड्यांना गंज धरला. खालून आवाज तेवढे यायचे. "अभ्यास केला असता तर आलेच असते गुण," दोम्निका म्हणायची. "मी पुस्तक उघडलंच नाही या वेळी." हे ती इतक्या वेळा म्हणायची की मला माळ्यावर बसून कळलं, पोर घाबरली आहे. न शिकता कमी गुण आले तर हुशारी शाबूत राहते. शिकूनही कमी आले तर काय राहील?

आठवी संपत आली. आता शहरातल्या मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा होती. छत्तीस जागा. नाव नोंदवायला शुक्रवारपर्यंत मुदत होती, आणि दोम्निकानं नाव नोंदवलं नव्हतं.

"मी नाही बसणार," तिनं मंगळवारी जाहीर केलं. "आईबरोबर गिरणीत जाईन."

"गिरणी काही पळून नाही जात," आजोबा म्हणाले. "परीक्षा पळून जाईल."

"जाऊ दे."

त्याच दिवशी शाळेतून निरोप आला. पण तो या घरासाठी नव्हता. पिंपवाल्याच्या घरासाठी होता. चिवा आठवीत पहिली आली होती, आणि तिच्या अंगणात लाकडाच्या फळ्यांशिवाय काही उगवत नव्हतं. मुकुट बांधणार कोण?

"मी बांधेन," सफ्ता आजी म्हणाली. आणि नातीला हाक मारून म्हणाली, "माळ्यावरची कडी काढ गं."

"माझी कडी? तिला?"

"तुझी कधी झाली? तार मळ्याची, परकर माझा. काढ खाली. जुनं सगळं सोडव, तिचं डोकं मोठं आहे."

दोम्निका मला घेऊन अक्रोडाच्या झाडाखाली बसली. आजी समोर मक्याच्या पिठाची मामालिगा घोटत होती. पोरीनं रागारागानं चिंधी ओढली. कुजकी चिंधी टर्रकन निघाली. तिच्याखाली कागद होता. वर्तमानपत्राच्या कडेच्या पट्ट्या, साखरेच्या पुड्यांचे तुकडे, एकावर एक घट्ट गुंडाळलेले. तिनं एक पट्टी सोडवली, मग दुसरी, मग तिचे हात हळू झाले.

प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता. सफ्ता. सफ्ता. सफ्ता. आमच्या लिपीत या नावाचं पहिलं अक्षर सापासारखं वळतं. आतल्या पट्ट्यांवर तो साप उलटीकडे तोंड करून बसला होता. काही ठिकाणी पेन्सिल कागदातून आरपार गेली होती.

"आजी, हे कोणी लिहिलं?"

"उंदरांनी," आजी मान वर न करता म्हणाली.

"खरं सांग ना."

"कोण लिहिणार? नाव कोणाचं आहे?"

दोम्निका बघतच राहिली. दर शनिवारी शाळेच्या गुणवहीवर घरच्यांची सही लागते. ती आजी करायची, एका झोकात, शेवटच्या अक्षराला लहानशी शेपटी काढून. आजीला लिहिता येत नव्हतं, हे पोरीच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"पण तू तर मी पहिलीत असल्यापासून सही करतेस!"

"पहिलीची वही काढून बघ. ख्रिसमसपर्यंत अंगठा आहे. तुला कुठला दिसायला? तुला तुझे दहापैकी दहा दिसायचे." आजीनं डाव पातेल्यावर आपटला. "तुझ्या त्या गोल गोल दहाच्या शेजारी माझा शाईचा ठप्पा. डुकराच्या पायासारखा. मला नाही आवडलं."

"मग मला का नाही विचारलंस? मी शिकवलं असतं."

"लाज वाटायची. तू शाळेत गेलीस की मी लिहायला बसायची. पहिली सही ठीकशी जमेपर्यंत पानगळ संपली, आणि हात सरळ व्हायला आणखी दोन हिवाळे गेले. कागद चुलीत टाकवेनात. स्वतःचं नाव कोण जाळेल बाई? तुझ्या आजोबांनी ही तार आणली, फुलं घसरत होती, म्हटलं चला, उपयोग झाला. पुढचेही वेळोवेळी चिंधी सोडून आतच कोंबले."

दोम्निकानं सगळ्यात आतली पट्टी हातात धरली. "किती वाईट अक्षर आहे गं."

"मग चांगलं कुठून येतं, असं वाटलं तुला?"

मामालिगा थोडी करपली. पोरीनं माझे आकडे सैल केले, गंज घासून काढला आणि एकेक पट्टी परत गुंडाळली, होती त्याच क्रमानं, उलटा साप सगळ्यात आत. वर नवी चिंधी बांधली. माझ्या आयुष्यात मला इतक्या काळजीनं कोणी गुंडाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नाव नोंदवून आली.

समारंभात मी चिवाच्या डोक्यावर बसले. दोम्निकानंच मला नीट बसवलं.

"टोचतंय गं," चिवा कुजबुजली.

"डोकं कमी मोठं आणायचं होतंस," दोम्निका म्हणाली. दोघी फिसकन हसल्या. मग दोम्निका खालच्या आवाजात म्हणाली, "तुझी चाळण दाखवशील का मला एकदा?"

आता तुम्हाला वाटेल, की पोर बसली आणि पास झाली. नाही, मित्रांनो. हातात उरले होते पंधरा दिवस आणि दोन वर्षांचा राहून गेलेला अभ्यास. शहरातल्या शाळेच्या भिंतीवर यादी लागली, छत्तीस नावांखाली जाड रेघ होती, आणि दोम्निकाचं नाव रेघेखाली सातवं होतं. ज्या गोष्टीला ती दोन वर्षं भीत होती, ती झाली, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

"सफ्ताच्या नातीची देणगी संपली वाटतं," कुंपणापलीकडून कोणी तरी बोललंच.

"संपली तर संपली," आजोबा ओरडले. "आता स्वतःचं वापरेल!"

पोर त्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी तिला भूक लागली, म्हणजे जग बुडालं नव्हतं. थोड्या जागा शरदातल्या परीक्षेसाठी राखलेल्या होत्या. जिची निवड होऊन गेली होती ती चिवा उन्हाळाभर रोज दुपारी यायची. अक्रोडाखाली दोघींची भांडणं चालायची.

"हे चूक आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? उत्तरात साडेतीन माणसं आलीत!"

दोम्निकानं त्या उन्हाळ्यात चार कच्च्या वह्या भरल्या. खोडून खोडून तिनंही कागदाला भोकं पाडली. पहिलं भोक पडलं तेव्हा तिनं ते बोट घालून चिवाला दाखवलं, जणू बक्षीसच मिळालं होतं.

सप्टेंबरमध्ये तिचं नाव रेघेच्या वर आलं. शेवटून दुसरं. आजोबांनी यादीवर बोट ठेवून खालून मोजलं. "दुसरी आली की! कडीला फुलं बांधा!" आजीनं खरोखर बांधली. दुसऱ्या नंबरासाठी मी सजले ती त्या एकाच वेळी, आणि खरं सांगते, तेव्हाइतकी मी कधीच सुंदर दिसले नव्हते. त्या दिवशी चार वह्यांची पानं फाडून माझ्यावर गुंडाळली होती. आत आजीचं नाव, वर नातीची गणितं.

त्यालाही खूप वर्षं झाली. आजी गेली, आजोबा गेले, मळ्यातल्या तारा बदलल्या. चिवा दूरच्या शहरात पूल बांधते आणि नाताळला चिठ्ठी पाठवते. दोम्निका दरीतल्या त्याच शाळेत गणित शिकवते. तिचे केस आता माझ्यावरच्या पांढऱ्या चिंधीसारखे झाले आहेत. मी तिच्या फळ्याशेजारी खुंटीवर असते आणि जूनमध्ये फुलं लेवून पहिल्या आलेल्या मुलाच्या डोक्यावर चढते. दरवर्षी मुलं आपल्या कच्च्या वह्यांची पानं माझ्यावर गुंडाळतात, आणि जागा राहिली नाही की आजीच्या पट्ट्यांच्या वरचं सगळं काढून पुन्हा सुरुवात होते.

परवा एक चुणचुणीत पोर पेपर देऊन उभी राहिली. "बाई, माझा कच्चा कागद कोराच आहे!"

दोम्निकानं तो कागद उलटापालटा करून पाहिला. "अगंबाई," ती म्हणाली, "मग मी कडीला काय गुंडाळू?"

पोर गोंधळली. मग जागेवर जाऊन बसली आणि पेन्सिल चावत काहीतरी खरडू लागली.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर कधी फुलं आली तर आनंदानं मिरवा. मला फुलं फार आवडतात. पण ती संध्याकाळपर्यंत सुकतात, हे मी पन्नास वेळा तरी पाहिलं आहे. तेव्हा तुमची कच्ची वही मात्र फेकू नका. खोडलेली, फाटलेली, साडेतीन माणसांची, जशी असेल तशी ठेवा. आणि एखादं पान माझ्याकडे पाठवून द्या. उघड्या तारेवर फुलं धरत नाहीत, आणि या वयात मला थंडीही जरा लवकर वाजते.