उपटायच्या राहिलेल्या काठ्या

माझी आई जन्माची आळशी. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे इथं म्हणायला काहीच हरकत नाही.

आम्ही जंगलात फिरत होतो तेव्हाची गोष्ट. तळ हलवायचा असला की बायका-मुलं पुढं निघायची आणि शिकारीला गेलेले पुरुष मागून यायचे. मागच्यांना वाट कळावी म्हणून पुढच्यांनी वळणावळणावर काठी रोवायची, ज्या दिशेला गेलो त्या दिशेला झुकलेली. तिचा शेंडा चिरून त्यात सारख्या लांबीच्या दोन काड्या आडव्या खोचल्या, की अर्थ झाला, आपण एका मनाचे आहोत. गुंडाळलेलं पान लावलं, तर उपाशी आहोत, लवकर या. मागून येणाऱ्यानं काठी वाचायची, उपटून फेकायची आणि पुढं चालायचं. वाचलेली काठी उभी ठेवणं आमच्यात वाईट समजतात, कारण मग कुणीतरी तिसराच येऊन तिच्या नादी लागतो.

शहाणा माणूस वळण येईल तिथं खाली पडलेली वाळकी काटकी उचलतो. आई सकाळी नदीवरच पांढऱ्या सालीच्या झाडाच्या फांद्या सपासप तोडायची आणि भारा करून पाठीवर टाकायची, म्हणजे दिवसभर कुठं वाकायला नको. ते झाड महानिर्लज्ज. कुठंही खुपसलं तरी रुजतं. बाबांना याचा भयंकर राग यायचा.

"अगं, खूण आहे ही," ते म्हणायचे. "काम झालं की कुजली पाहिजे. तुझ्या काठ्या आपण मेल्यावरसुद्धा बडबडत राहतील."

"लाकूड चांगलं आहे," आई म्हणायची. "झटकन तुटतं."

हे भांडण रोजचं होतं. बाबा मागून तळावर पोहोचायचे ते हातात आईच्या काठ्या घेऊनच, आणि तिच्यासमोर त्या चुलीत घालायचे. ओल्या असल्यामुळं त्यांचा धूर व्हायचा, मग त्यावरून दुसरं भांडण.

बाबांचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. ते ज्या डोंगरावर गेले तो डोंगर आम्ही सोडला. आईचंही नाव बदललं. नवरा गेलेल्या बाईला आमच्यात बालू म्हणतात, तेव्हापासून ती सगळ्यांची बालू आहे. पुढं आम्ही पाताह नदीच्या काठी पत्र्याची घरं बांधून राहिलो. ती आता चुलीपाशी बसून सगळ्यांना शिव्या घालते.

यंदा डोंगरमाथ्यावर फळांचा सडा पडला आणि रानडुकरं नदी सोडून वर गेली. माझ्या नवऱ्याला राहवेना. त्याला सगळे तामेन सायुन म्हणतात, सायुनचा बाप. मी तिनेन सायुन, सायुनची आई. तो खालच्या नदीवरचा, त्याला वरचा मुलूख ठाऊक नाही. मी तिथं लहानपणी फिरले होते, पण नंतर पाऊल टाकलं नव्हतं.

आम्ही दोघं निघताना सायुन म्हणाली, "माझा फोन न्या. त्यात वाट दिसते."

"तुझ्या फोनला डुकराचा वास येतो का?" तिच्या बापानं विचारलं, आणि फोन फळीवरच राहिला.

वास आमच्या कुत्रीला आला. ती आम्हाला डोंगराच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर, वर-खाली नुसती पळवत राहिली, आणि शेवटी माथ्याजवळ तिनं एका दांडग्या नराला झाडाच्या मुळ्यांत कोंडलं. तामेन सायुननं फुंकनळीतून तीर मारला. तीर बसला, पण विष चढायला वेळ लागतो, आणि या माणसाला दम निघाला नाही. पुढं झाला. डुकरानं मान फिरवली आणि सुळ्यानं त्याची मांडी उघडली. फुंकनळीच्या टोकाला भाल्याचं पातं असतं, ते त्यानं पडता पडता डुकराच्या छातीत घातलं. दोघं शेजारी शेजारी आडवे झाले. उठला तो एकच.

"मोठा आहे, नाही?" तो डुकराकडं बघून म्हणाला.

"गप्प बस," मी म्हणाले. माझं लुगडं फाडून मांडी आवळली. कापड बघता बघता लाल झालं. आणखी आवळलं. गावात दवाखान्याची बाई आहे, टाके घालते. उजेड आहे तोवर खाली पोहोचलो तर माणूस राहील, एवढं मला कळत होतं. डुक्कर तिथंच सोडलं. गावकरी उद्या घेऊन जातील म्हणून मी एक काठी रोवली, वाळकी, बाबांच्या पद्धतीची. वाटेत आणखी रोवत गेले.

मग ढग उतरला.

आम्हाला वाट पाण्यावरून कळते. पायाखालचा ओढा कुणाचा, तो पुढं कुणाला मिळतो, एवढं ठाऊक असलं की माणूस हरवत नाही. पण डोंगरधारेवर ओढे अजून जन्मालाच आलेले नसतात. एका अंगाला उतरलेलं पाणी पाताहला जातं, आमच्या घरी. दुसऱ्या अंगाचं लिमेत नदीला. लिमेतच्या दरीत नुसते धबधबे, माणूस नाही. तिकडं उतरलो तर तामेन सायुनला परत वर चढवणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं. मधे कुठंतरी एक खिंड आहे, तिच्यातून पाताहचा उगम धरायचा. ती खिंड मला शोधायची होती, आणि मला माझे पायसुद्धा दिसत नव्हते.

तो माझ्या खांद्यावर रेलून एका पायानं उडत होता. अंग गार पडत चाललं होतं.

"फोन आणायला हवा होता," तो म्हणाला.

"आता सुचतंय."

"सायुनला सांगू नकोस मी असं म्हणालो."

"तूच सांग खाली जाऊन," मी म्हणाले, आणि मला एकदम रडू फुटलं. त्याला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं, तेव्हा ते झाड दिसलं.

पांढऱ्या सालीचं. माझ्या कमरेएवढ्या घेराचं. शेवाळानं माखलेलं. मला आधी काहीच वाटलं नाही. पुढं गेले आणि थबकले. हे नदीचं झाड. याचे पाय सतत पाण्यात लागतात, डोंगरमाथ्यावर हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाखरानं बी टाकलं असेल, म्हटलं. आणखी थोडं चाललो. धार जिथं वळते तिथं दुसरं. तसंच पांढरं, तसंच एकटं. आणि ते बुडाशी तिरकं होतं. जमिनीतून बाहेर येताना ते एका बाजूला झुकलेलं होतं, मग गुडघ्यात वाकावं तसं वाकून सरळ आभाळाकडं गेलेलं.

त्याला घेऊनच मी मागं वळून पहिल्या झाडापाशी गेले. शेवाळ खरवडलं. तेही बुडाशी तिरकं होतं, त्याच बाजूला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी त्या झाडावर हात ठेवून उभी राहिले.

"काय झालं?" तामेन सायुननं विचारलं. "साप आहे का?"

"हे माझ्या आईनं लावलंय."

तो माझ्याकडं बघतच राहिला. रक्त माझंच गेलंय अशी त्याला शंका आली असावी. "तुझ्या आईनं? आपल्यात झाडं कोण लावतं? आणि तुझी आई? ती चुलीत लाकूड सरकवायलासुद्धा हाक मारते."

"झाड नव्हतं लावलं. काठी रोवली होती."

त्या दिवशीचं मला आठवत होतं, पण तुकड्यातुकड्यांत. मी आईच्या मागून चालत होते आणि तिच्या पाठीवरच्या भाऱ्यातली पानं माझ्या तोंडाला लागत होती. ती दर वळणाला थांबायची, एक फांदी ओढून घ्यायची, जमिनीत खुपसायची. बाबा पलीकडच्या डोंगरात डुकरामागं गेले होते. ते संध्याकाळी येतील, काठ्या उपटत, आईला बोल लावत. तळावर आम्ही वाट बघत बसलो. नंतर काका आले, नदीच्या वाटेनं, आणि त्यांनी सांगितलं की बाबांवर झाड पडलं. त्यांना तिथंच पुरलं होतं. आम्ही त्याच दिवशी तो तळ सोडला आणि मागं वळून पाहिलं नाही. मागं वळून बघायचं नसतंच.

काठ्या तशाच राहिल्या होत्या. उपटणारा आलाच नव्हता. त्या तिथं उभ्या राहिल्या, रुजल्या, पाऊस प्याल्या, आणि मी मोठी झाले, माझं लग्न झालं, सायुन झाली, तोवर त्या एकच गोष्ट सांगत होत्या. इकडून ये. आम्ही इकडं गेलोय. इतकी वर्षं त्या ढगात कुणीही ऐकायला नसताना.

मी मोठमोठ्यानं रडले. मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

"तिनेन सायुन," नवरा हळूच म्हणाला, "तू रड, पण चालता चालता रड."

आम्ही एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलो. काही मेली असतील, तिथं मला चाचपडावं लागलं. एके ठिकाणी नुसता कुजका बुंधा होता, पण तोही तिरका. धुक्यातून पुढचं पांढरं खोड हळूहळू बाहेर यायचं आणि दर वेळी मला वाटायचं, आई पुढंच आहे, जरा भराभर चाललं तर तिच्या पाठीवरचा भारा दिसेल.

मग एका जागी झाड डावीकडं झुकलेलं होतं. डावीकडं घळ होती, खाली पाण्याचा आवाज. माझं सगळं अंग सांगत होतं की पाताह उजवीकडं आहे. डावीकडचं पाणी लिमेतचं वाटत होतं, वाहतही तिकडंच होतं. मी उभी राहिले. बाबांचं बोलणं कानात आलं. काम संपलेली खूण खोटं बोलते. जमीन खचली असेल, झाड वाऱ्यानं लवलं असेल. एवढ्या वर्षांनी कुणाच्या भरवशावर मी याला या घळीत घालू?

"कुठं?" तामेन सायुन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मला वाटतं उजवीकडं. आई म्हणते डावीकडं."

तो भिंतीला टेकावं तसा झाडाला टेकला. हसला. "माझं लग्न झाल्यापासून तुझी आई म्हणते तेच होतंय. आज कशाला मोडता घालतेस?"

मी त्याला डावीकडं घातलं. घळ निसरडी होती. मी खाली, तो माझ्या खांद्यांवर हात टाकून वर, असे आम्ही बसत बसत उतरलो. कुत्री पुढं जाऊन पुन्हा आमच्याकडं यायची. ओढा लिमेतकडंच जात राहिला आणि मी मनात आईला शिव्या दिल्या. मग एका मोठ्या कातळाला पाणी अडलं, वळलं, आणि उलट्या दिशेनं, उजवीकडं, डोंगराच्या कडेनं वाहायला लागलं. पाताह! खिंड आम्ही केव्हाच ओलांडली होती, ढगात ती मला कळलीसुद्धा नव्हती.

खाली सपाटीवर, आमचा जुना तळ होता तिथं, शेवटचं झाड उभं होतं. ते पाण्याजवळ, त्याला काय कमी? दोन्ही हातांनी मी त्याला कवेत घ्यायला गेले तर माझी बोटं एकमेकांना लागेनात. इथून पुढं नदी होती, आणि नदीला घरापर्यंतची वाट ठाऊक होती. गावाच्या वर मासे पकडणाऱ्या पोरींनी आम्हाला पाहिलं आणि आरडाओरड करत धावत आल्या. अजून उजेड होता.

दवाखान्याच्या बाईनं टाके घातले. तामेन सायुन प्रत्येक टाक्याला ओरडला, यावरून मला कळलं की आता तो मरत नाही. सायुननं बापाला फोन दाखवला नाही, चांगली पोरगी आहे. सकाळी गावातले चारजण माझ्या काठ्या वाचत वर गेले आणि डुक्कर वाटे करून घेऊन आले. काठ्या उपटल्या म्हणाले. घराघरात वाटा गेला.

आईचा वाटा घेऊन मी तिच्याकडं गेले. ती चुलीपाशी बसली होती.

"उशीर केलास," ती म्हणाली. "चरबी आहे का?"

"आहे."

"कुठल्या वाटेनं उतरलात? तो सोंडेवरून एका पायानं कसा आला?"

मी तिच्याजवळ बसले. त्या डोंगराबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. "तुझ्या काठ्यांच्या वाटेनं," मी म्हणाले.

ती मांस उलटसुलट करून बघत होती. तिचा हात थांबला.

"रुजल्यात," मी म्हणाले. "सगळ्या वळणांवर आहेत. तळावरची तर माझ्या कवेत मावत नाही. त्यांच्यामुळं तो घरी आला, आई."

ती धुराकडं बघत राहिली. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. मग ती चुलीच्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडं वळली, जिथं कुणीच बसलेलं नव्हतं, आणि तिथं बघत, नाव न घेता, जुन्याच भांडखोर आवाजात म्हणाली,

"सांगत नव्हते? लाकूड चांगलं आहे म्हणून?"